गोळीतले शिसे : घरगुती ओतकामासाठी मिश्रण कसे निवडतात?

९ जुलै १७७६ रोजी न्यूयॉर्कमध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या सैनिकांना अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचून दाखविण्यात आला. त्याच संध्याकाळी जमावाने बोलिंग ग्रीन या चौकातील इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचा अश्वारूढ पुतळा दोर लावून खाली ओढला. वरून सोन्याचा मुलामा दिलेला हा पुतळा आतून शिशाचा होता. त्याचे बहुतेक तुकडे कनेटिकटमधील लिचफिल्ड या गावी नेण्यात आले आणि जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक असलेल्या ऑलिव्हर वोलकॉट यांच्या घरी ते वितळवून बंदुकीच्या गोळ्या ओतण्यात आल्या. हे काम घरातील मुलांनी आणि गावातील स्त्रियांनी केले. कोणी किती गोळ्या ओतल्या याचा हिशेबही ठेवला गेला. त्याची बेरीज ४२,०८८ इतकी भरते.

घरच्या चुलीवर गोळ्या ओतण्याची ही प्रथा अमेरिकेत आजही टिकून आहे. गरज म्हणून सुरू झालेले हे काम आता छंद झाले आहे. निशाणबाजीच्या स्पर्धांत भाग घेणारे, जुन्या पद्धतीच्या बंदुका हाताळणारे आणि शिकारीचा परवाना असलेले हजारो लोक घराच्या मागील शेडमध्ये शिसे वितळवतात. त्यांच्यापुढे पहिला प्रश्न असतो तो मिश्रणाचा. शिशात काय मिसळायचे, किती मिसळायचे आणि का? प्रश्न साधा दिसतो. पण त्याच्या उत्तरात धातुशास्त्र, छपाईचा इतिहास, भंगाराचा बाजार आणि घरातल्या मुलांचे आरोग्य असे बरेच काही गुंतलेले आहे.

कायद्याची चौकट

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केली पाहिजे. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार स्वतःच्या वापरासाठी गोळ्या ओतण्यास परवाना लागत नाही. विक्रीचा व्यवसाय करावयाचा असेल तर लागतो. राज्याराज्यांचे नियम याखेरीज असतात. भारतातील स्थिती अगदी वेगळी आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात 'दारूगोळा' या शब्दाची व्याख्या व्यापक असून तीत दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो तयार करण्याची यंत्रसामग्रीही येते. त्यांचे विनापरवाना उत्पादन हा गंभीर गुन्हा आहे आणि बंदुकीचा परवाना असणे म्हणजे गोळ्या बनविण्याचा परवाना असणे नव्हे. तेव्हा पुढील माहिती जिथे हा छंद कायदेशीर आहे तिथल्या संदर्भात वाचावी. मात्र शिशाविषयीची सावधगिरी कोणत्याही देशातील घराला तितकीच लागू पडते.

शुद्ध शिसे का पुरत नाही?

आयुर्वेदाच्या रसशास्त्रात शिशाला 'नाग' आणि कथिलाला 'वंग' म्हणतात. नाग हा धातू जड, मऊ आणि चटकन वितळणारा. पाण्याच्या ११.३४ पट घनता, ३२७.५ अंश सेल्सिअसला वितळणे आणि नखाने ओरखडा उमटावा इतका मऊपणा, या तीन गुणांमुळे तो शतकानुशतके गोळीचा धातू ठरला. जड गोळी हवेचा विरोध सहज कापते आणि वेग टिकवून धरते. कमी द्रवणांकामुळे ती साध्या शेगडीवर ओतता येते.

जुन्या, आतून गुळगुळीत नळीच्या बंदुकीला शुद्ध शिशाची गोल गोळी पुरेशी होती. पुढे नळीच्या आत पिळदार खाचा पाडण्यात आल्या. गोळी या खाचांत घट्ट बसली तर ती स्वतःभोवती फिरत जाते आणि सरळ रेषेत प्रवास करते. फ्रेंच लष्करातील क्लोद-एतिएन मिनिए यांनी १८४९ मध्ये या कामासाठी बुडाशी पोकळी असलेली लांबट गोळी प्रचारात आणली. ती नळीत सहज सरकावी इतकी बारीक असे. बार उडाला की वायूच्या दाबाने तिचे बूड फुगून खाचांत शिरत असे. यासाठी शिसे मऊच हवे. क्रिमियाच्या युद्धात आणि १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकी यादवी युद्धात याच प्रकारच्या गोळ्यांनी अतोनात प्राणहानी केली. आपल्याकडे १८५७ च्या उठावात ज्या एनफिल्ड बंदुकीच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून असंतोष पेटला, त्या बंदुकीची गोळीही अशीच मऊ शिशाची होती.

चित्र पालटले ते धूरविरहित दारूमुळे. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी ही दारू सिद्ध केली आणि गोळीचा वेग एकदम वाढला. या वेगाला मऊ शिसे टिकेना. ते खाचांत पकड न घेता सोलवटून निघे आणि नळीच्या आत शिशाचा थर चढवी. लष्करांनी यावर तांब्याच्या आवरणाचा उपाय शोधला. घरी गोळ्या ओतणाऱ्यांना आवरण चढविणे अवघड असल्याने त्यांनी शिसे कठीण करण्याचा मार्ग धरला. मिश्रणाची सारी चर्चा येथून सुरू होते.

कथिल आणि अँटिमनी यांची कामे

कथिल मराठी माणसाला कल्हईमुळे ठाऊक आहे. तापलेल्या पितळी पातेल्यात नवसागराबरोबर फिरवलेली कथिलाची कांडी क्षणात सर्वत्र पसरते. हाच पसरण्याचा गुण ओतकामात उपयोगी पडतो. वितळलेल्या शुद्ध शिशाचा पृष्ठताण जास्त असल्याने ते साच्याच्या बारीक कोपऱ्यांत नीट शिरत नाही. गोळीच्या कडा गोलसर राहतात. सुमारे दोन टक्के कथिल मिसळले की धातू साचा काठोकाठ भरतो आणि कडा धारदार उमटतात. कथिलामुळे काठिण्यही वाढते, पण बेताचेच. शिवाय कथिल शिशाच्या कित्येक पट महाग. म्हणून जाणकार ते हात राखून वापरतात.

काठिण्याचे खरे काम अँटिमनीकडे असते. सुरमा ज्या खनिजापासून करीत त्या खनिजातला हा धातू. तो स्वतः ठिसूळ आहे आणि ६३० अंशांना वितळतो. पण शिशात विरघळल्यावर थोड्या प्रमाणातही मिश्रणाला घट्टपणा आणतो. अँटिमनीबरोबर कथिल नसेल तर ओतीव नीट उमटत नाही. दोन्ही असतील तर ते परस्परांशी संयोग पावून धातूच्या पोतात समान विखुरतात. अँटिमनीपेक्षा कथिलाचे प्रमाण जास्त होऊ नये, हा ओतकाम करणाऱ्यांचा सर्वसाधारण संकेत आहे.

तिसरा घटक आर्सेनिक. त्याचे प्रमाण पाव टक्क्याच्या आसपास असले तरी परिणाम मोठा होतो. अँटिमनी आणि किंचित आर्सेनिक असलेली गोळी साच्यातून काढताच थंड पाण्यात टाकली तर पुढील काही दिवसांत तिचे काठिण्य दीडपट किंवा त्याहूनही अधिक होते. केवळ शिसे आणि कथिल यांच्या मिश्रणावर या पाणी देण्याचा असा परिणाम होत नाही. बंदुकीचे छर्रे बनविण्यातही आर्सेनिकचा उपयोग जुना आहे. इंग्लंडमधील ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्स यांनी १७८२ मध्ये उंचावरून वितळलेले शिसे पाण्यात पाडून गोल छर्रे करण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. थेंब पडता पडता गोल व्हावेत यासाठी शिशात आर्सेनिक मिसळत.

काठिण्याचे माप आणि रूढ मिश्रणे

धातूचे काठिण्य मोजण्याची रूढ पद्धत स्वीडनचे अभियंते योहान ऑगस्ट ब्रिनेल यांनी १९०० मध्ये मांडली. ठरावीक वजनाखाली पोलादी गोळी धातूवर दाबायची आणि पडलेल्या खळग्याचा व्यास मोजायचा. खळगा जितका लहान तितका ब्रिनेल अंक मोठा. शुद्ध शिशाचा अंक सुमारे ५ आहे. त्याच्याशी तुलना करता रूढ मिश्रणे अशी लागतात :

• शिसे ३० भाग, कथिल १ भाग : अंक सुमारे ९. काळी दारू वापरणाऱ्या जुन्या रायफलींसाठी.

• शिसे २० भाग, कथिल १ भाग : अंक सुमारे १०. मंद वेगाची पिस्तुले व रिव्हॉल्व्हर यांसाठी.

• शिसे १६ भाग, कथिल १ भाग : अंक सुमारे ११. आयडाहो राज्यातील प्रसिद्ध नेमबाज आणि लेखक एल्मर कीथ (१८९९-१९८४) यांचे हे आवडते प्रमाण. त्यांच्या दीर्घ आग्रहातून १९५५ मध्ये '.४४ मॅग्नम' हे काडतूस बाजारात आले.

• मोटारीच्या चाकांची जुनी वजने : शिसे ९५ ते ९६ टक्के, अँटिमनी ३ ते ४ टक्के, कथिल अर्धा टक्का आणि किंचित आर्सेनिक. अंक ९ ते १२.

• लायमन क्रमांक २ : शिसे ९० टक्के, कथिल ५ टक्के, अँटिमनी ५ टक्के. अंक सुमारे १५. कनेटिकटमधील लायमन या साचे बनविणाऱ्या जुन्या कंपनीच्या नावाने ओळखले जाणारे हे मिश्रण आजही तुलनेचा मानदंड मानले जाते.

• लायनोटाइप : शिसे ८४ टक्के, अँटिमनी १२ टक्के, कथिल ४ टक्के. अंक सुमारे २२. वेगवान रायफलींसाठी.

• मोनोटाइप : शिसे ७२ टक्के, अँटिमनी १९ टक्के, कथिल ९ टक्के. अंक सुमारे २८. हे सहसा तसेच ओतत नाहीत. मऊ शिशाला कठीण करण्यासाठी विरजणासारखे वापरतात.

छापखान्यातून आलेले शिसे

या यादीतील शेवटची दोन नावे वृत्तपत्रांच्या वाचकांना परकी वाटू नयेत. गुटेनबर्गच्या काळापासून छपाईचे खिळे शिसे, कथिल आणि अँटिमनी याच त्रयीतून ओतले जात आले. कारणेही तीच. अक्षराची बारीक वेलांटी साच्यात पुरती उमटली पाहिजे, गोठताना धातू फार आकसता कामा नये आणि हजारो प्रती छापल्यावरही खिळा झिजता कामा नये. मुंबईत जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याने १८६९ पासून देवनागरी खिळ्यांना जे देखणेपण दिले त्यामागेही याच मिश्रणावरील हुकमत होती. जुळाऱ्याच्या बोटांना वर्षानुवर्षे चिकटणारा काळा रंग जसा शाईचा, तसाच या धातूचाही असे.

लायनोटाइप यंत्र १८८६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये प्रथम वृत्तपत्राच्या कामाला लागले. ओळच्या ओळ एकसंध ओतणाऱ्या या यंत्राला असा धातू हवा होता, जो कमीत कमी तापमानाला वितळेल आणि क्षणात गोठेल. वरील ८४-१२-४ हे प्रमाण त्यासाठीच निवडलेले आहे. या प्रमाणात मिश्रण सुमारे २४० अंशांना, म्हणजे शुद्ध शिशापेक्षा जवळजवळ ९० अंश आधी वितळते. मधली चिखलासारखी अवस्था त्याला जवळपास नसते. द्रवाचे ते थेट घन होते.

१९७० च्या दशकात फोटो-टाइपसेटिंग आणि मागोमाग संगणक आले. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने २ जुलै १९७८ चा अंक शेवटचा म्हणून तप्त शिशावर जुळवला. अमेरिकेतील गावोगावच्या वृत्तपत्रांनी यंत्रे मोडीत काढली तेव्हा हजारो टन लायनोटाइप धातू भंगारात आला आणि त्यातला बराच गोळ्या ओतणाऱ्यांनी स्वस्तात उचलला. लोकशाहीचे लेख ज्या धातूतून उमटले त्याच्या गोळ्या झाल्या, असे म्हणता येईल. तो साठा आता संपत आला आहे आणि त्याची किंमत शिशाच्या कितीतरी वर गेली आहे. मात्र एक सूचना महत्त्वाची. छापखान्यातला धातू वारंवार वितळवल्यावर त्यातील कथिल आणि अँटिमनी मळीबरोबर निघून जातात. म्हणून 'लायनोटाइप' या नावाखाली मिळणारे प्रत्येक भंगार मूळ प्रमाणाचे असेलच असे नाही.

हिशेब कसा मांडतात?

मिश्रणाचा हिशेब शाळेतल्या मिश्रणाच्या उदाहरणांसारखाच असतो. समजा, एक किलो लायनोटाइप आणि दोन किलो शुद्ध शिसे एकत्र केले. लायनोटाइपमध्ये १२० ग्रॅम अँटिमनी आणि ४० ग्रॅम कथिल आहे. एकूण तीन किलो धातूत अँटिमनी चार टक्के आणि कथिल १.३ टक्का झाले. यात आणखी २० ग्रॅम कथिल घातले की कथिलाचे प्रमाण दोन टक्क्यांवर येते. महागड्या लायनोटाइपपासून तिप्पट धातू मिळाला आणि तो बहुतेक पिस्तुली गोळ्यांना पुरेसा कठीण आहे.

कथिलासाठी शुद्ध कांडीऐवजी डाख देण्याची तार वापरणारेही बरेच असतात. तारेवर ६०-४० किंवा ५०-५० असे प्रमाण छापलेले असते. त्यावरून कथिलाचे वजन काढता येते. नव्या, शिसेविरहित तारेत कथिल ९५ टक्क्यांहून अधिक असते. पण तीत तांबे किंवा चांदीही असते, हे लक्षात घ्यावे लागते.

मिश्रण बदलले की गोळीचे वजन आणि जाडीही बदलते, ही बाब नवखा माणूस विसरतो. अँटिमनी आणि कथिल शिशापेक्षा हलके आहेत. एकाच साच्यातून ओतलेली लायनोटाइपची गोळी शुद्ध शिशाच्या गोळीपेक्षा सुमारे नऊ टक्क्यांनी हलकी भरते. उलट ती कमी आकसत असल्याने किंचित जाड निघते. साचे बनविणारी कंपनी जे वजन छापते ते एका विशिष्ट मिश्रणाचे असते. मिश्रण बदलून दारूचे माप तेच ठेवणे अपघाताला निमंत्रण ठरू शकते.

घरी काठिण्य तपासण्याची एक युक्ती मोठी मजेदार आहे. चित्रकलेच्या निरनिराळ्या काठिण्याच्या पेन्सिली घ्यायच्या, टोक सपाट घासायचे आणि तिरकी धरून धातूवर ढकलायची. जी पेन्सिल घसरून न जाता धातूत रुतते ती धातूहून कठीण. आपण तिला 'शिसपेन्सिल' म्हणतो, पण तिच्यात शिशाचा कणही नसतो. असते ते ग्रॅफाइट. शिशाची परीक्षा शिसे नसलेल्या शिसपेन्सिलीने होते ती अशी.

'कठीण तितके उत्तम' हा गैरसमज

नवखे लोक सर्वांत कठीण मिश्रण शोधतात. अनुभवी माणसे तसे करीत नाहीत. बार उडताच गोळीच्या बुडावर जो दाब येतो त्याने ती किंचित फुगून नळी बंद करते. दाब कमी आणि गोळी फार कठीण असेल तर ती फुगत नाही. मग तापलेला वायू तिच्या कडेने पुढे धावतो, कडा वितळवतो आणि तेच शिसे नळीत थापले जाते. म्हणजे जो दोष टाळण्यासाठी धातू कठीण केला तोच दोष वेगळ्या वाटेने परत येतो. मंद वेगाच्या रिव्हॉल्व्हरमध्ये लायनोटाइपची गोळी वापरणाऱ्याला हा अनुभव हमखास येतो.

म्हणून काठिण्यापेक्षा जाडी आधी पाहावी, असे या विषयावरील मार्गदर्शक पुस्तके सांगतात. गोळी नळीच्या अंतर्व्यासापेक्षा केसभर जाड असली की मध्यम काठिण्यही पुरते. अधिक वेगासाठी गोळीच्या बुडाला तांब्याची लहान टोपी बसवितात. मेण आणि ग्रीस यांचे वंगण ही जुनी रीत आहे. अलीकडे रंगाची कोरडी भुकटी गोळ्यांवर घोळवून सुमारे २०० अंशांवर भाजण्याची पद्धत रूढ झाली असून त्यामुळे मऊ मिश्रणही बऱ्याच वेगाला टिकते. त्यासाठीची भट्टी स्वयंपाकाची कदापि असू नये.

शिकारीत काठिण्याचा विचार आणखी वेगळा असतो. फार कठीण गोळी जनावराच्या अंगातून न पसरता आरपार जाते किंवा हाडावर फुटते. जनावर जखमी होऊन पळते. तिथे कथिलाचे मऊ, चिवट मिश्रण अधिक योग्य मानले जाते.

भंगारातील धोके

पूर्वी गॅरेजमधून चाकांच्या वजनांची बादली फुकट मिळत असे. ते दिवस सरले. युरोपीय संघाने १ जुलै २००५ पासून नव्या मोटारींवर शिशाच्या वजनांना बंदी केली. पुढे कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन यांसारख्या अमेरिकी राज्यांनीही तोच मार्ग धरला. आता बादलीत जस्ताची आणि लोखंडाची वजने मिसळलेली असतात. लोखंड वितळत नाही, वर तरंगते. जस्त मात्र घात करते. ते ४१९ अंशांना वितळते आणि थोडे जरी शिशात मिसळले तरी धातू लापशीसारखा दाट होऊन साचा भरेनासा होतो. ते वेगळे करण्याचा सोपा घरगुती मार्ग नाही. जस्ताच्या वजनांवर सहसा 'झेडएन' ही अक्षरे कोरलेली असतात. शिवाय भांड्याचे तापमान ३७० अंशांच्या आसपास राखले तर जस्त न वितळता तरंगते आणि झाऱ्याने काढून टाकता येते. तापमापक ही म्हणूनच चैनीची वस्तू नव्हे.

मोटारीच्या जुन्या बॅटऱ्या मात्र कोणीही घरी वितळवू नयेत. त्यांच्या पट्ट्यांत आम्ल मुरलेले असते. कॅल्शियम, अँटिमनी आणि आर्सेनिक यांच्या मळीला ओल लागली तर आर्साइन आणि स्टिबाइन हे अतिविषारी वायू सुटू शकतात. हा इशारा भारतातही तितकाच खरा आहे. वस्त्यांमध्ये चोरून चालणाऱ्या भट्ट्यांत जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे काढले जाते आणि त्याची राख आसपासच्या मातीत मिसळते. २००१ च्या आणि त्यांची जागा घेणाऱ्या २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या अधिकृत पुनर्वापर केंद्रांकडेच जाव्यात असे बंधन घातले आहे.

तिसरा धोका पाण्याचा. वितळलेल्या शिशाच्या पृष्ठभागाखाली ओलसर तुकडा गेला तर पाण्याची क्षणात वाफ होते आणि भांड्यातील धातू छतापर्यंत उडतो. म्हणून नवा तुकडा टाकण्यापूर्वी तो कोरडा आणि गरम करून घेतात. ओतणारा माणूस चष्मा, जाड हातमोजे, पायघोळ सुती कपडे आणि बंद बूट घालतो.

घरातील शिसे

सर्वांत मोठा धोका डोळ्यांना दिसत नाही. शिशाच्या वाफेने विषबाधा होते, अशी सार्वत्रिक समजूत आहे. ती अर्धीच खरी. शिसे १,७४९ अंशांना उकळते. ३७० ते ४०० अंशांवर त्याची वाफ अत्यल्प असते. खरे संकट धुळीचे आहे. वितळलेल्या धातूवर साठणारी करडी मळी म्हणजे शिशाची ऑक्साइडे. ती काढताना, चाळताना, सांडताना त्यांची पूड होते. ती बोटांना, कपड्यांना, बुटांना लागते आणि त्यांच्याबरोबर घरात येते. मग हात न धुता खाल्लेली पोळी किंवा ओढलेली सिगारेट तिला पोटात आणि फुफ्फुसांत पोहोचवते.

या धुळीची किंमत छंद करणाऱ्यापेक्षा त्याची मुले अधिक मोजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार शिशाची निर्धोक अशी कोणतीही ज्ञात पातळी नाही, आणि लहान मुलांचे शरीर प्रौढांच्या चार ते पाच पट शिसे शोषून घेऊ शकते. रांगणारे मूल जमिनीवरचे हात तोंडात घालते. शिसे मेंदूच्या वाढीवर घाला घालते. बुद्धी, एकाग्रता आणि वर्तन यांवर झालेला परिणाम पुढे भरून येत नाही. प्रौढांत रक्तदाब आणि मूत्रपिंडाचे विकार संभवतात. गर्भवती स्त्रीच्या शरीरातून ते गर्भापर्यंत पोहोचते. रक्तातील शिसे काही आठवड्यांत कमी होते. हाडांत साठलेले दशकानुदशके राहते.

वैद्यकशास्त्राची या बाबतीतली दृष्टी सतत कडक होत गेली आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने मुलांच्या रक्तातील शिशासाठी कारवाईचा उंबरठा १९९१ मध्ये दर डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅम ठेवला होता. २०१२ मध्ये तो ५ वर आणि २०२१ मध्ये ३.५ वर आणण्यात आला. एकेकाळी 'ठीक' मानलेले प्रमाण आज धोक्याचे ठरते. वोलकॉट यांच्या घरी राजाच्या पुतळ्याच्या गोळ्या ओतणाऱ्या मुलांना यातले काहीच ठाऊक नव्हते. आज ते सर्वांना ठाऊक आहे, आणि म्हणून मुलांना हाताशी घेण्याची ती रीत मोडलीच पाहिजे.

म्हणून नियम साधे पण अटळ आहेत. काम उघड्यावर किंवा वारा खेळता असलेल्या शेडमध्ये करावे, स्वयंपाकघरात नव्हे. भांडी, पळी, शेगडी पुन्हा स्वयंपाकाला वापरू नयेत. त्या जागी खाणे-पिणे, धूम्रपान नको. मळी झाकणाच्या डब्यात ठेवावी आणि घातक कचरा म्हणूनच तिची विल्हेवाट लावावी. जमीन झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. कपडे वेगळे धुवावेत. मुले व गर्भवती स्त्रिया यांना त्या जागेपासून दूर ठेवावे. वर्षातून एकदा रक्तातील शिशाची तपासणी करून घ्यावी.

निसर्गाचे ऋण

गोळी सुटली म्हणजे शिसे संपत नाही. शिकारी मागे टाकून जातात त्या आतड्यांत शिशाचे सूक्ष्म तुकडे असतात आणि मेलेल्या जनावरांवर जगणारे पक्षी ते गिळतात. कॅलिफोर्नियाचा कॉन्डॉर हे महाकाय गिधाड १९८७ मध्ये अवघ्या २७ पक्ष्यांवर आले होते. ते सर्व पक्षी पकडून पिंजऱ्यात त्यांची पैदास केली गेली आणि पुढे त्यांना पुन्हा मोकळे सोडण्यात आले. तरीही मुक्त कॉन्डॉरांच्या मृत्यूचे प्रमुख कारण शिशाची विषबाधा हेच राहिले. पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी शिशाचे छर्रे वापरण्यास अमेरिकेने १९९१ मध्ये देशभर बंदी केली. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून सर्व शिकारीत शिशाच्या गोळ्यांना मनाई केली. खनिजापासून शिसे काढणारी अमेरिकेतील शेवटची मोठी भट्टी, मिसुरीतील हर्क्युलेनियम येथील, २०१३ च्या अखेरीस बंद झाली. आता तिथले देशी शिसे भंगाराच्या पुनर्वापरातून येते.

थोडक्यात

मिश्रण निवडताना पुढील क्रम उपयोगी पडतो. प्रथम वेग आणि दाब पाहावा : काळ्या दारूला शिसे व थोडे कथिल, मंद पिस्तुलाला १० ते १२ अंकाचे मिश्रण, वेगवान पिस्तुलाला १५ च्या आसपास आणि रायफलीला त्याहून अधिक. मग जाडी नळीशी जुळते का ते मोजावे. कथिल दोन टक्क्यांहून अधिक घालण्यापूर्वी कारण विचारावे. भंगार ओळखल्याशिवाय भांड्यात टाकू नये. एका वेळी मोठा साठा एकजीव करून त्याच्या विटा पाडाव्यात आणि प्रत्येक विटेवर मिश्रण व तारीख लिहावी, म्हणजे आजची गोळी आणि सहा महिन्यांनंतरची गोळी सारखीच निघते.

आणि या सर्वांच्या आधी एक प्रश्न स्वतःला विचारावा : ज्या जागेत हे शिसे वितळणार आहे, तिथून घरातल्या सर्वांत लहान मुलाचे हात किती अंतरावर आहेत? या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक नसेल, तर कोणतेही मिश्रण योग्य नव्हे.